आधी एसएमपीएस ठरवा

पहिल्यांदा स्वतः कॉम्प्युटर असेंबल करायला निघालेला माणूस प्रोसेसर निवडण्यात दिवसचे दिवस घालवतो. ग्राफिक्स कार्डावरून मित्रांशी वाद घालतो, मॉनिटर बघायला दोन-तीन दुकानं पालथी घालतो. एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची वेळ येते तेव्हा बजेट जवळजवळ संपलेलं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत कोटेशनच्या कागदावर ही ओळ बहुधा सगळ्यात खाली असते, आणि पुष्कळदा ती कोरीच राहते, कारण ‘कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा येतोच’. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्युटरमधल्या बाकी प्रत्येक भागाला वीज या एका डब्यातूनच मिळते. प्रोसेसर कमी ताकदीचा निघाला तर काम हळू होतं, एवढंच. एसएमपीएस वाईट निघाला तर मात्र तो स्वतः जातोच आणि जाताना मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि त्यातले फोटो-कागदपत्रंही घेऊन जाऊ शकतो. म्हणून एसएमपीएस उरलेल्या पैशातून घेऊ नये, आधी ठरवावा. आणि ठरवताना खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्याकडे न बघता ते वॅट कुठे, किती वेळ आणि कोणत्या परिस्थितीत मिळतात हे बघावं.

त्यासाठी हा डबा करतो काय, हे थोडं समजून घ्यावं लागेल. भिंतीतल्या प्लगमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी पुरवठा येतो. प्रोसेसरच्या गाभ्याला लागतो तो एक-सव्वा व्होल्टच्या आसपासचा स्थिर डीसी. या प्रवासाचा पहिला आणि सगळ्यात अवघड टप्पा एसएमपीएस पार पाडतो. आलेल्या एसीचा तो डीसी करतो. चांगल्या, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसमध्ये हा डीसी ३८०-४०० व्होल्टपर्यंत चढवून एका जाड कपॅसिटरमध्ये साठवला जातो. मग ट्रान्झिस्टर तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज खाली येतं आणि गाळून-सरळ करून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा तीन मुख्य वाटांनी बाहेर पडतं. पुढे मदरबोर्ड त्यातले १२ व्होल्ट घेऊन प्रोसेसरला हवं तेवढं व्होल्टेज तयार करतो, ग्राफिक्स कार्डही स्वतःपुरतं तेच करतं. म्हणजे आजच्या कॉम्प्युटरमध्ये वीज खाणारे जे दोन मोठे भाग, ते दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर एसएसडी, यूएसबी आणि बारीकसारीक सर्किटं तेवढी उरतात.

पूर्वी असं नव्हतं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक आणलं तेव्हाचे प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटेवरून वीज घेत. प्रोसेसरची भूक वाढली तशी त्या वाटेवरून जाणारा करंट तारांना आणि कनेक्टरला झेपेना. तेव्हा २००० साली एटीएक्स१२व्ही आलं, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर मिळाला, आणि २००३च्या आवृत्तीपासून एसएमपीएसचा सगळा भर १२ व्होल्टवर सरकला. हा इतिहास सांगण्याचं कारण असं की अगदी स्वस्तातले अनेक एसएमपीएस अजून जुन्या घडणीवरच बनतात. त्यांत ५ आणि ३.३ व्होल्टवर भरपूर करंट असतो आणि १२ व्होल्टवर तुटपुंजा. शिवाय १२ आणि ५ व्होल्टचं नियंत्रण एकत्रच बांधलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाने १२ व्होल्टवर जोर लावला की १२ खाली येतं, आणि ते सावरायच्या नादात ५ व्होल्टचं व्होल्टेज वर चढतं. आजचा कॉम्प्युटर नेमका असाच, एका बाजूने भार टाकतो.

आता लेबल वाचू. एसएमपीएसच्या कुशीवर एक तक्ता छापलेला असतो: वर व्होल्टेज, खाली अँपिअर. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात. एवढा गुणाकार ज्याला येतो त्याला निम्मी फसवणूक टाळता येते. उदाहरण म्हणून असं लेबल धरा: ३.३ व्होल्टवर २८ अँपिअर, ५ व्होल्टवर ३० अँपिअर, १२ व्होल्टवर १६ अँपिअर आणि बाकी किरकोळ. पहिल्याचे ९२ वॅट, दुसऱ्याचे १५०, तिसऱ्याचे १९२, किरकोळ मिळून १६. बेरीज बरोबर ४५०. खोक्यावर ठळक अक्षरांत ४५० छापायला कंपनीच्या दृष्टीने काहीच हरकत नाही. पण तुमच्या प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला मिळून त्यातले १९२ वॅटच कामाचे. याउलट ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसतो. म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळी ताकद एकाच वाटेवर. म्हणून खोक्यावरच्या आकड्याच्या आधी १२ व्होल्टखालचा आकडा वाचावा. लेबलवर तो नसेल किंवा नीट वाचता येत नसेल, तर तो एसएमपीएस परत ठेवावा.

गरज किती याचा हिशोबही सोपा आहे. मध्यम बजेटच्या पहिल्या कॉम्प्युटरचं खरं उदाहरण घेऊ. इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डाची मर्यादा ११५ वॅट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून पन्नास-साठ वॅट धरले तरी एकूण तीनशेच्या आतच. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस का सुचवते? काही अंशी ग्राहक कोणता प्रोसेसर घेईल आणि एसएमपीएस कसला घेईल हे कंपनीला ठाऊक नसतं म्हणून. पण खरंही एक कारण आहे: ग्राफिक्स कार्ड सरासरीने जेवढी वीज घेतं त्यापेक्षा क्षणभर कितीतरी जास्त ओढतं. हे क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटे असतात, पण तेवढ्यातही संरक्षण सर्किट चाळवलं की भर खेळात कॉम्प्युटर बंद पडतो. म्हणून एकूण बेरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमता घ्यावी. वरच्या उदाहरणाला चांगला ५५० वॅटचा पुरतो. पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ६५० घ्यावा. मोठा एसएमपीएस घेतला तर बिल वाढेल, ही भीती काढून टाकावी. कॉम्प्युटर मागेल तेवढीच वीज तो देतो, ६५० लिहिलंय म्हणून ६५० ओढत नाही.

दुसरा मोठा गैरसमज ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम या शिक्क्यांचा आहे. ८० प्लस ही योजना अमेरिकेत २००४ साली सुरू झाली ती वीज वाचवण्यासाठी. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के वीज कॉम्प्युटरपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच ती मोजते. तेही साध्या खोलीच्या, २३ अंशांच्या आसपासच्या तापमानात. हा शिक्का उपयोगाचा आहे, कारण अगदी टाकाऊ घडणीला ती कार्यक्षमता सहसा गाठता येत नाही. पण व्होल्टेज किती स्थिर आहे, अडचणीच्या वेळी संरक्षण चालतं का, यांबद्दल शिक्का काहीच बोलत नाही. २०२१ मध्ये गिगाबाइट कंपनीच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम या दोन मॉडेलांवर मोठा गदारोळ झाला. स्वतंत्र परीक्षकांनी त्यांच्यावर जास्त भार टाकला तेव्हा काही नग अक्षरशः स्फोट होऊन गेले. दोन्ही मॉडेलांवर गोल्डचा शिक्का होता. परीक्षकांनी दीर्घकाळ अवाजवी भार टाकल्याने हे झालं, असं कंपनीचं म्हणणं होतं. तरीही तिने जादा भाराला एसएमपीएस बंद पडण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणली आणि ग्राहकांना नग बदलून द्यायची तयारी दाखवली. यातून घ्यायचं ते असं की मोठं नाव आणि सोनेरी शिक्का दोन्ही असूनही एखादं मॉडेल फसू शकतं. म्हणून ब्रँडपेक्षा नेमक्या मॉडेलचं, कोणीतरी उपकरणं लावून केलेलं परीक्षण वाचावं. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असू शकते, कारण अनेक ब्रँड स्वतः एसएमपीएस बनवतच नाहीत, वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेतात.

परीक्षणात काय बघायचं? एटीएक्सच्या मानकाप्रमाणे १२ व्होल्टची वाट पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवी. या सरळ रेषेवर उठणारी बारीक लहर, जिला रिपल म्हणतात, ती १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टच्या आत हवी. रिपल वाढला की मदरबोर्डावरचे आणि कार्डावरचे कपॅसिटर तापतात, त्यांचं आयुष्य कमी होतं आणि कॉम्प्युटर कारण न सापडणाऱ्या पद्धतीने मधेच अडकू लागतो. असा अडकणारा कॉम्प्युटर घेऊन लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात. एसएमपीएसकडे शेवटी बघतात. याच्या जोडीला संरक्षण सर्किटं येतात: व्होल्टेज वर गेलं, खाली आलं, करंट वाढला, शॉर्ट झालं, डबा तापला की ताबडतोब बंद पडणारी. एसएमपीएस म्हटला की तो कधीतरी बिघडणारच. चांगला आणि वाईट यांतला खरा फरक त्या दिवशी कळतो. चांगला गपचूप बंद पडतो आणि बाकीचं सामान शाबूत राहतं. ज्यात हे संरक्षण नुसतं खोक्यावर छापलेलं असतं, तो जाताना चुकीचं व्होल्टेज पुढे सोडू शकतो.

आपल्याकडच्या परिस्थितीने तर ही निवड आणखी महत्त्वाची होते. पहिली गोष्ट उष्णतेची. काही एसएमपीएसचे वॅट २५ अंशांना धरलेले असतात, चांगल्यांचे ४० किंवा ५० अंशांना. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरचं तापमान ४५ अंशांवर जातं, आणि टेबलाखालच्या बंद कप्प्यातल्या कॅबिनेटमध्ये ते त्याहून जास्त असतं. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. म्हणूनच ८५ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर वापरल्याचं कंपन्या आवर्जून सांगतात. दुसरी गोष्ट विजेच्या झटक्यांची. फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू झाला की दिवे क्षणभर मंद होतात, लाइन बदलताना वीज पापणी लवावी तशी जाऊन येते. एसएमपीएसमधला जाड कपॅसिटर इथे गच्चीवरच्या टाकीसारखा उपयोगी पडतो: नळ थांबला तरी थोडा वेळ घरात पाणी येत राहतं. हा वेळ साधारण १६-१७ मिलिसेकंद असावा, अशी मानकाची अपेक्षा आहे. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात आणि साधे यूपीएस बॅटरीवर जायला दहाएक मिलिसेकंद घेतात. कपॅसिटर लहान असेल तर यूपीएस असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, तो याच कारणाने. निम्म्याच भारावर चालणाऱ्या एसएमपीएसला हा वेळ जवळजवळ दुप्पट मिळतो, म्हणूनही थोडी जादा क्षमता फायद्याची. तिसरी गोष्ट अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळ घरांत येतो. एसएमपीएसमधल्या गाळणीचे दोन छोटे कपॅसिटर अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात. ती तार पुढे कुठेच पोचत नसेल तर कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या जवळजवळ निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. त्याला दोष एसएमपीएसचा नाही, प्लग पॉइंटचा आहे, आणि इलेक्ट्रिशियनकडून तो आधी दुरुस्त करून घ्यायला हवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्या ऑफिसात कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर कॉम्प्युटर दहा वर्षं चाललेत, मग हे सगळं कशाला? ते चालले हे खरं आहे, पण ते का चालले हेही बघायला हवं. टायपिंग, बिलिंग आणि इंटरनेट करणारा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला कॉम्प्युटर बहुतेक वेळ पन्नास-साठ वॅटच घेतो. १९२ वॅट देऊ शकणाऱ्या डब्यावर एवढा भार हलकाच. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम करणाऱ्या कॉम्प्युटरचा भार त्याच्या चार-पाच पट असतो, आणि तो सेकंदागणिक वर-खाली होतो. तेव्हा ऑफिसातल्या अनुभवावरून घरच्या कॉम्प्युटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मात्र या आक्षेपात तथ्य आहे तेवढं मान्य करायला हवं. ज्याला खरोखर टायपिंगपुरताच कॉम्प्युटर हवा आहे, त्याने ६५० वॅटच्या मागे लागू नये. ब्रँडेड आणि संरक्षण असलेला ४०० किंवा ४५० वॅटचा त्याला पुष्कळ झाला.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे, कारण पहिला कॉम्प्युटर बहुतेकांना मोजूनमापून घ्यावा लागतो. एसएमपीएसवर चार-पाच हजार घातले तर खेळात एकही फ्रेम वाढत नाही. तेच पैसे कार्डावर घातले तर वाढतात. हे खरं आहे, पण हा हिशोब एकाच वर्षाचा आहे. प्रोसेसर आणि कार्ड तीन-चार वर्षांत जुनं वाटू लागतं. चांगल्या एसएमपीएसला पाच, सात, काहींना दहा वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे तो पुढच्या कॉम्प्युटरलाही चालतो. पाच हजार रुपये सात वर्षांवर वाटले तर महिन्याला साठ रुपये होतात. वॉरंटी ही गुणवत्तेचीही बऱ्यापैकी खूण आहे: जी कंपनी नग बदलून द्यायला दहा वर्षं बांधील राहते, ती आतले भाग निवडताना विचार करते. मात्र याच न्यायाने दुसऱ्या टोकाला जाऊन वीज वाचेल म्हणून महागडा गोल्ड घेण्याचीही गरज नाही. रोज चार तास १५० वॅटच्या भारावर ब्राँझची कार्यक्षमता ८७ टक्के आणि गोल्डची ९१ टक्के धरली, तर वर्षाला साधारण ११ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी बचत वर्षाला एकशेदहा रुपयांची. गोल्ड घ्यावा तो कमी तापतो, पंखा शांत राहतो, वॉरंटी बहुधा जास्त मिळते म्हणून. बजेट नसेल तर परीक्षणात उतरलेला चांगला ब्राँझ खुशाल घ्यावा.

मग एकदाच हजार वॅटचा घेऊन का टाकू नये? कारण फुकट जाणाऱ्या क्षमतेचे पैसे दुसरीकडे कामी येतात, आणि अगदी कमी भारावर मोठ्या एसएमपीएसची कार्यक्षमता घसरते. पुढच्या कार्डांची तयारी ठेवायची असेल तर वॅटपेक्षा मानक बघावं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने ग्राफिक्स कार्डाच्या क्षणिक झटक्यांची दखल घेतली: सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता क्षमतेच्या दुप्पट भार एसएमपीएसने सोसावा, अशी अट त्यात आली. त्याबरोबर ६०० वॅटपर्यंत वीज नेणारा सोळा पिनांचा नवा कनेक्टर आला. त्याच वर्षी आरटीएक्स ४०९० कार्डांवर हा कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि तो पूर्ण आत बसवलेला नसणं हे मुख्य कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं. पुढे एटीएक्स ३.१ मध्ये कनेक्टरच्या पिनांची लांबी बदलली, म्हणजे तो अर्धवट बसला तर कार्डाने जोर लावूच नये. आज नवा एसएमपीएस घेणाऱ्याने साधारण तेवढ्याच किमतीत एटीएक्स ३.१चा मिळत असेल तर तो घ्यावा, आणि कोणताही कनेक्टर टक्‌ आवाज येईपर्यंत, फट दिसणार नाही असा बसवावा. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा एसएमपीएस घेतला तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापराव्यात. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. दुसऱ्याची केबल बेमालूम बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क क्षणात जळते. आणि काहीही झालं तरी डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज काही काळ टिकून असतं.

तेव्हा दुकानात जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. १२ व्होल्टवर किती अँपिअर? हे वॅट किती तापमानाला धरलेत? वॉरंटी किती वर्षांची आणि ती कुठे मिळते? नेमकं मॉडेल कोणतं, म्हणजे त्याचं परीक्षण वाचता येईल? दुकानदार चांगला असेल तर तो या प्रश्नांनी खूश होईल. उत्तरं टाळणाऱ्याकडून एसएमपीएस घेऊ नये. चारही उत्तरं समाधानकारक मिळाल्यावर पैसे कमी पडत असतील, तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्यावं, कॅबिनेट साधं घ्यावं, रंगीत दिव्यांचे पंखे पुढच्या दिवाळीवर ढकलावेत. या सगळ्या गोष्टी नंतर सावकाश बदलता येतात. कसर करायची ती तिथे करावी, एसएमपीएसमध्ये करू नये.